हिशेबाबाहेर राहिलेला खर्च : वाचकांचे प्रश्न

एखाद्या व्यवहाराचा खर्च किंवा लाभ त्या व्यवहारात नसलेल्या माणसाच्या वाट्याला येतो आणि वस्तूच्या किमतीत त्याची कोठेही नोंद होत नाही, तेव्हा अर्थशास्त्र त्याला बाह्यता म्हणते. मागील अंकात ही कल्पना मांडताना कारखान्याच्या सांडपाण्याचे नेहमीचे उदाहरण दिले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत केळी, कापूस, मेंढ्या आणि जंगल यांची जी उदाहरणे आहेत, ती पाठ्यपुस्तकातील उदाहरणांहून अधिक बोलकी असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात पूर्वी विहिरीवर केळी पिकत असे. आता कूपनलिकेशिवाय भागत नाही, आणि शेजारी खोल गेला की मलाही खोल जावे लागते. प्रत्येक जण स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पैशाने बोअर घेतो. मग यात दुसऱ्याचे नुकसान कोठे आले, आणि चूक कोणाची मानायची? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे. शेताची हद्द जमिनीवर असते, जमिनीखाली नसते. तापीच्या उत्तरेकडील यावल-रावेर पट्ट्यात नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. त्यांतील वाळू-रेतीच्या थरांमधून पाणी एका शेताखालून दुसऱ्या शेताखाली सरकत राहते. आपण उपसलेल्या पाण्याने आजूबाजूच्या सर्वांची पातळी थोडी थोडी खाली जाते. या घसरणीचा आपल्या वाट्याचा अंश इतका लहान असतो, की पंप सुरू करताना तो विचारात येतच नाही. शेजाऱ्याचेही तसेच होते. परिणामी सर्व जण मिळून तेवढेच पाणी अधिक खोलीवरून, अधिक खर्चाने आणि अधिक मोठ्या पंपाने काढतात. कोणीही नियम मोडलेला नसतो, कोणाची नियतही वाईट नसते, आणि तरी सर्वांचे नुकसान होते. म्हणून चूक कोणाची, असे विचारण्यापेक्षा कोणत्या नियमांमुळे असे वागणे प्रत्येकाला फायद्याचे ठरते, असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

त्या नियमांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. पहिला जुना आहे : 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी काढण्याचा हक्क जवळजवळ अमर्याद मानला गेला. दुसरा विजेच्या दराचा आहे. कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी करण्याची पद्धत दीर्घकाळ चालली, आणि एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते. शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि त्याला मदत मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ती मदत फुकट युनिटांच्या रूपाने दिली, की एक तास अधिक पंप चालवण्याचा खर्च शेतकऱ्यापुरता शून्य होतो आणि पाणी राखणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. पंजाबने 2018 मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ या योजनेत ठरावीक युनिटांचा वाटा देऊन वाचवलेल्या प्रत्येक युनिटामागे शेतकऱ्याला 4 रुपये देण्यास सुरुवात केली. मदत तेवढीच ठेवून तिचे रूप बदलण्याचा हा मार्ग खान्देशातही चालवून पाहण्यासारखा आहे.

ठिबक सिंचनाने हा प्रश्न सुटला, असे अनेक जण मानतात, आणि जळगाव जिल्ह्याला ठिबकचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. ठिबकने दर खोडामागे लागणारे पाणी निश्चित घटते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र केळीखाली आणले, तर पातळी होती तेथेच राहते किंवा आणखी उतरते. हीच गोष्ट पुनर्भरणाची. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-रेतीचा जो पट्टा आहे, त्यात पुराचे पाणी मुरवण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेचा करार मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. ही योजना व्हावी असे मला मनापासून वाटते. पण उपशाला काहीच मर्यादा नसेल, तर मुरवलेले पाणी सर्वांत खोल बोअर असलेल्याच्या वाट्याला प्रथम जाईल.

उपसणाऱ्यांनी एकत्र येऊन उपसा कमी केल्याचे उदाहरण आहे. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपला 1965 चा प्रबंध दक्षिण कॅलिफोर्नियातील एका भूजल खोऱ्यावर लिहिला होता. तेथे अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले, तेव्हा पंपधारकांनी न्यायालयाच्या देखरेखीखाली आपापसांत वाटे ठरवले. त्यांना हे जमले, कारण पाणी कोण किती उपसतो हे सर्वांना दिसेल अशी मोजणी त्यांनी मान्य केली. आपल्याकडे मोजणीचे नाव काढले की पुढे बिल येईल, अशी भीती वाटते. ती भीती आधी दूर करावी लागेल.

एक गोष्ट मात्र पत्रात आली नाही. पातळी उतरते तेव्हा बोअर खोल नेण्याची ऐपत नसलेला अल्पभूधारक प्रथम कोरडा पडतो, आणि त्याच्याही आधी गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आटते. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास राज्याने 1993 च्या कायद्याने निर्बंध घातला, तो यासाठीच. ज्या घरात शेत नाही, त्या घरातील बाई हंडा घेऊन जितकी अधिक चालते, तितका केळीच्या घडाचा खर्च तिने उचललेला असतो.

प्रश्न : माझ्या शेतात मी जानेवारीपर्यंत कापूस ठेवला किंवा एप्रिलपर्यंत, यात कृषी विभागाला काय? फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस) घेऊ नका, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लगेच लागवड करू नका, ही बंधने कशासाठी? (कापूस उत्पादक, चोपडा तालुका)

उत्तर : कारण गुलाबी बोंडअळी बांध ओळखत नाही. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते आणि हंगाम संपल्यावर उरलेल्या बोंडांत, सरकीत आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगांत सुप्तावस्थेत राहते. सर्व शिवार वेळेवर मोकळे झाले, तर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या पतंगांना अंडी घालायला पात्या-फुले मिळत नाहीत आणि ती पिढी तेथेच संपते. याउलट आपण शेवटच्या दोन वेचण्यांसाठी फरदड ठेवली, तर अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळते. आणि मे महिन्यातच बागायती लागवड केली, तर पतंग बाहेर येण्याच्या वेळी फुले तयार असतात. फरदडीतून मिळालेला अधिकचा कापूस आपल्या घरी येतो, आणि त्यापायी वाढलेल्या फवारण्यांचा खर्च पंचक्रोशीत वाटला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला मे महिन्यात लागवड करणे शक्यच नसते, तरी डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) त्याच्याही शेतात दिसतात.

याच पिकात आणखी एक सामायिक ठेव आपण गमावली आहे. 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, तेव्हा 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे कडेने पेरण्यासाठी दिले जाई. त्या झाडांवर वाढलेल्या साध्या अळ्यांमुळे प्रतिकारक्षम अळ्यांची संख्या वाढू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या चार-पाच ओळींत येणारे नुकसान एकट्या शेतकऱ्याचे होते आणि त्यातून टिकणारा बीटीचा प्रभाव सर्वांचा होता. म्हणून बहुतेक ठिकाणी ते लहान पाकीट पेरलेच गेले नाही. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने जो कहर केला, त्याच्या कारणांत हेही एक होते.

बंधने योग्य आहेत, असेच माझे मत आहे. बियाणे ठरावीक तारखेपूर्वी विकू नये, हा निर्बंध तर विशेष उपयुक्त आहे, कारण लाखो शेतांवर लक्ष ठेवण्यापेक्षा काही हजार दुकानांवर लक्ष ठेवणे सोपे असते. परंतु पऱ्हाटीबाबत केवळ ‘नष्ट करा’ असा आदेश पुरेसा नाही. गावोगाव मजूर कुटुंबांच्या चुली या पऱ्हाट्यांवर चालतात आणि घराशेजारचे ढीग हे त्यांचे वर्षभराचे सरपण असते. ते ढीग हलवायचे असतील, तर त्या कुटुंबांच्या सरपणाची किंवा गॅसच्या टाकीची सोय गावाने आधी केली पाहिजे. अन्यथा बागायतदाराचे पीक वाचवण्याचा खर्च भूमिहीनावर टाकल्यासारखे होईल.

प्रश्न : पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हांला पिगू आणि कोस असे दोन्ही अर्थशास्त्रज्ञ शिकवतात. पिगू कर लावायला सांगतात, कोस वाटाघाटीवर सोडायला सांगतात. यांपैकी बरोबर कोण? (विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : दोघांनी वेगवेगळ्या परिस्थितींवर प्रकाश टाकला आहे. आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये मांडले, की खाजगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत अंतर असेल, तर सरकारने त्या अंतराएवढा कर लावावा, आणि लाभ बाहेर जात असेल तर अनुदान द्यावे. त्यांचे एक उदाहरण वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी रुळांलगतची झाडी जळण्याचे होते. रोनाल्ड कोस यांनी 1960 च्या लेखात असे दाखवले, की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला विशेष खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत सौदा करून दोघांच्याही हिताचा मार्ग काढतात. त्यांना 1991 मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या लेखातील मुख्य उदाहरण गुरांनी शेजारच्या शेतातील पीक तुडवण्याचे आहे.

हे उदाहरण समजण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ पिढ्यानुपिढ्या कळप घेऊन फिरतात. उभ्या पिकात कळप शिरला, तर नुकसान होते आणि तंटा होतो. तोच कळप पीक निघाल्यावर रिकाम्या शेतात रात्रभर बसवला, तर लेंड्या आणि मूत्र यांचे उत्तम खत मिळते, आणि त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा रोख मोबदला देतो. एकाच कळपाची हानिकारक आणि लाभदायक अशा दोन्ही बाह्यता येथे दिसतात, आणि दोन्हींचा हिशेब कोणत्याही कायद्यावाचून होतो. कारण पक्ष दोनच असतात, कळप डोळ्यांसमोर असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडायची असते.

हेच गणित वीजकेंद्राच्या धुराला लावून पाहावे. तेथे एका बाजूला एक संस्था आणि दुसऱ्या बाजूला लाखो माणसे असतात. त्यांतील कोणाच्या दम्याला किती धूर कारणीभूत आहे, हे सांगता येत नाही, आणि सर्वांना एका टेबलाशी बसवणे अशक्य असते. त्या ठिकाणी कोस यांचा मार्ग बंद होतो. तो बंद होतो, हे स्वतः कोस यांनाही मान्य होते. बोलणी करण्याचा खर्च शून्य नसतो, यावर त्यांचा भर होता, आणि परीक्षेत बहुसंख्य विद्यार्थी नेमका हाच भाग विसरतात.

या दोन्हींखेरीज तिसरा मार्गही आहे आणि तो धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आला आहे. फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाटाखालील जमिनीचे फड (मोठे भाग) पाडले जातात आणि कोणत्या फडात यंदा बारमाही पीक, कोणत्या फडात हंगामी, हे सर्व मिळून ठरवतात. पाणी पाटकरी देतो, पिकाची राखण जागल्या करतो, आणि पाट साफ करण्याचे काम सर्वांच्या अंगावर असते. एका फडात एकच पीक असल्याने शेजारच्या ओलीचा त्रास आणि पाण्याचे भांडण, दोन्ही घटतात. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, स्वतःच्या विहिरी वाढल्या आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. ज्याला विहीर झाली, त्याला पाट साफ करायला जाण्याचे कारण उरले नाही. आपण प्रबंधाचा विषय शोधत असाल, तर हा विषय आपल्या हाताशी आहे.

प्रश्न : लग्नाच्या वरातीतील डीजेचा आवाज ही बाह्यता आहे का? सांगायला गेले तर ‘एका दिवसाचा आनंद’ म्हणतात. (ज्येष्ठ नागरिक, अमळनेर)

उत्तर : निःसंशय आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि मोकळ्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. आनंद एका घराचा एका दिवसाचा असतो, पण लग्नसराईत गल्लीतील आजारी माणसाला तो रोज सोसावा लागतो. दर वेळी कोणी तरी जाऊन विनंती करण्याने संबंध बिघडतात. म्हणून समाजाच्या पंचांनी किंवा मंगल कार्यालयांनी बुकिंगच्या वेळीच अट घालणे अधिक परिणामकारक ठरते, असे मला वाटते.

प्रश्न : कोळशाची वीज स्वस्त आहे, असे सांगतात. आमच्या कपाशीच्या पानांवर राख बसते, घरात भांडी झाकून ठेवावी लागतात. ही वीज कोणासाठी स्वस्त? (गृहिणी, भुसावळ तालुका)

उत्तर : आपण विचारलेल्या शेवटच्या प्रश्नावर अर्थशास्त्राची एक संपूर्ण शाखा उभी आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असते. वीजबिलात कोळसा, वाहतूक, यंत्रे आणि पगार यांचा खर्च येतो; पानावरची राख, घरातली धूळ आणि दवाखान्याचा खर्च येत नाही. तो भरणारे लोक केंद्राच्या आसपास राहतात आणि वीज वापरणारे बहुतांशी दूरच्या शहरांत असतात. किमतीत न दिसणारा खर्च अशा रीतीने एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, आणि बहुधा सधनांकडून निर्धनांकडे सरकतो. वीज महाग होऊ नये हे मलाही पटते, पण तिची खरी किंमत मोजणारे कोण आहेत, हे तरी उघड व्हायला हवे.

सरकारने प्रयत्न केले नाहीत, असे नाही. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लागला, तो 2016 पर्यंत 400 रुपयांवर गेला. 2017 मध्ये त्याची जागा वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकराने घेतली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर रद्द होऊन कोळशावरील कराचा दर 5 वरून 18 टक्के झाला. कोळशावरील हा उपकर पिगू यांच्या विचाराचाच होता, परंतु त्यात दोन उणिवा होत्या. धूर रोखणाऱ्या आणि न रोखणाऱ्या अशा दोन्ही केंद्रांना टनामागे तो सारखाच पडत असे, त्यामुळे चिमणीवर खर्च करण्याचे कारण त्यातून मिळत नव्हते. शिवाय 2017 नंतर तो पैसा राज्यांच्या करभरपाईकडे वळला. राख सोसणाऱ्या गावाकडे तो आला नाही. राखेबाबतचा डिसेंबर 2021 चा नियम मला अधिक नेमका वाटतो. न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपयांची पर्यावरणीय भरपाई त्यात आहे, आणि ती राख विटा, सिमेंट किंवा रस्त्याच्या भरावात गेली, तर वीटभट्टीसाठी खरवडली जाणारी शेताची मातीही वाचते.

धुरालाच किंमत लावण्याचा प्रयोग आपल्याच तापीच्या मुखाशी झाला आहे. सुरतमध्ये 2019 पासून कारखान्यांच्या चिमण्यांतून बाहेर पडणाऱ्या कणांवर एकूण मर्यादा घालून ते कण सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. कणप्रदूषणासाठीची ही जगातील पहिली बाजारव्यवस्था होती, आणि तिच्यात सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन 20 ते 30 टक्के घटल्याचे अभ्यासात दिसून आले. प्रत्येक चिमणीवर सतत मोजणारे यंत्र बसवणे, ही तिची पहिली अट होती. आपल्या भागातील ग्रामपंचायतींनी पहिली मागणी कोणती करावी, असे मला विचारले, तर ती हीच : चिमणीची मोजणी गावाला रोज, मराठीत आणि समजेल अशा रूपात दिसावी. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले आहे, आणि 2010 च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणही आहे. परंतु मोजणी हाती नसेल, तर तेथे जाऊन सांगायचे काय, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : आमच्या आदिवासी गावांनी जंगल राखले, त्यामुळे खालच्या गावांच्या विहिरींना पाणी आले. खालचे लोक त्यावर बागायत करतात. जंगल राखणाऱ्यांना काय मिळाले? (शिक्षक, साक्री तालुका)

उत्तर : आतापर्यंतच्या पत्रांत बहुतेक नुकसानीची चर्चा झाली, आपण लाभदायक बाह्यतेचा प्रश्न विचारला आहे आणि तो अधिक दुर्लक्षित आहे. नुकसान झालेला माणूस निदान तक्रार करतो, पण फुकट लाभ मिळालेला माणूस तो लाभ कोठून आला, याची चौकशी करत नाही. आपल्याच तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990 च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, पाळीपाळीने राखण आणि दंड असे नियम करून उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच आहे. पण राखण करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने बुडवलेली मजुरी आणि चराईचा सोसलेला तोटा हा खर्च आहे, आणि तो सन्मानाने भरून निघत नाही.

लाभ मिळतो त्याने राखणाऱ्याला मोबदला द्यावा, ही व्यवस्था जगात चालते. कोस्टा रिकाने 1997 पासून इंधनावरील कराच्या उत्पन्नातून जंगलमालकांना दर हेक्टरी रक्कम देण्यास सुरुवात केली. भारतातही त्या दिशेने एक मोठे पाऊल पडले आहे, ज्याची चर्चा गावात फारशी होत नाही : चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वनक्षेत्राला 7.5 टक्के भार (म्हणजे वाटणीच्या सूत्रात तेवढे महत्त्व) दिला, आणि पंधराव्याने वन व परिसंस्थेसाठी तो 10 टक्के केला. म्हणजे जंगल आहे म्हणून राज्याला अधिक पैसा मिळतो. तो पैसा मात्र राज्याच्या तिजोरीत थांबतो. साक्री, नवापूर किंवा अक्राणीच्या ज्या पाड्यांनी ते जंगल राखले, त्यांच्यापर्यंत त्याचा कोणताही हिस्सा त्या नावाने पोहोचत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. ज्या ग्रामसभांना हा दावा मंजूर झाला आहे, त्यांची नोंद आणि त्यांच्या वनाचे क्षेत्र सरकारकडे उपलब्ध आहे. त्यामुळे वित्त आयोगाने राज्याला दिलेल्या भाराप्रमाणेच राज्याने ग्रामसभांना क्षेत्रानुसार वार्षिक रक्कम द्यावी, ही मागणी व्यवहार्य आहे. खालच्या गावांनीही थांबून राहण्याचे कारण नाही. ज्या बागायतदारांच्या विहिरी या डोंगरामुळे भरतात, त्यांनी राखणदाराच्या वर्षाच्या मानधनात वाटा उचलावा, असा ठराव दोन ग्रामपंचायती एकत्र बसून करू शकतात, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.